राजीनामा देऊ नकोस, रजा घे

मुतसिम, तुझी बातमी आली तेव्हा मी प्राइमरची व्हिस्कोसिटी मोजत होते. कपाच्या भोकातून रंगाची धार पडत होती, हातात स्टॉपवॉच होतं आणि टेबलावर फोन थरथरत होता. धार तुटली, मी घड्याळ थांबवलं, रीडिंग लिहिलं आणि मग फोन घेतला. आमना होती, मला उख्ती म्हणजे ताई म्हणणारी. तुझी बायको कामाच्या वेळी मला कधी फोन करत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. त्या एका मिनिटाबद्दल मला अपराधी वाटायला हवं, असं कुणी म्हणेल. मला नाही वाटत. तूही धार तुटेपर्यंत थांबला असतास. मीच शिकवलं होतं तुला.

"उख्ती शोभा," ती म्हणाली, "मुतसिम खलास."

हा शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो. बॅच खलास, थिनर खलास, ड्यूटी खलास. मला वाटलं तुझ्या फोनचा बॅलन्स संपला, किंवा तुझं तिथलं काम संपलं आणि तू परत येतोयस. मी म्हटलंसुद्धा, "अल्हमदुलिल्लाह, कधी येतोय?" मग तुझ्या चुलतभावाने काय सांगितलं ते तिने सांगितलं. सुदानमध्ये, अल-ओबैदला, तुमच्याच मोहल्ल्यात, पाण्याच्या टाकीपाशी तोफेचा गोळा पडला. तू तिथे उभा होतास. आणखी दोघे होते. दुपारीच दफन केलं.

मी तिला "कधी येतोय" विचारलं. हे मात्र मला लागलंय.

आता फॅक्टरीत लोक विचारतात, तो सैनिक होता का? मी सांगते, नाही, केमिस्ट होता. आठ वर्षं इथे आखातात, सोहारच्या या औद्योगिक वसाहतीत, या रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये, माझ्या शेजारच्या टेबलावर. चाचणी तू करायचास, तपासायचे मी. प्रत्येक रिपोर्टवर दोन सह्या, खाली तुझी वेटोळी, वर माझी. तुझ्या सहीनंतर मी आकडा पुन्हा बघायचे आणि तू म्हणायचास, "या मुदीरा," म्हणजे अहो मॅनेजरबाई, "माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हणायचे, "विश्वास आहे, म्हणून एकदाच बघते." बाकीच्यांचं दोनदा बघायचे. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझ्या पहिल्या सुट्टीनंतरचा दिवस आठवतोय? तू गावाहून पिशवीभर डिंक आणला होतास. तुमच्या गावाची ओळखच डिंक, हे तू इतक्या वेळा ऐकवलं होतंस की माझ्या नवऱ्याने, सुनीलने, तुझं नावच 'डिंकवाला' ठेवलं होतं. मी तो तुपात तळला आणि लाडू करून आणले. तू डबा उघडून विचारलंस, "माझा समग कुठाय?" मी लाडूकडे बोट दाखवलं.

"तळला? तू डिंक तळलास?"

"फुलवला. आम्ही बाळंतिणीला देतो."

"आमच्याकडे पाण्यात भिजवून पितात, किडनीसाठी. तळतात कुणी?" आणि मग चार लाडू खाल्लेस. वर म्हणालास, "मी बाळंतीण नाही, पण चालेल." शेंगदाण्याच्या चटणीवर मात्र तू शेवटपर्यंत हक्क सांगितलास. ती सुदानची आहे, नागपूरवाल्यांनी चोरली, असं तू सगळ्या कँटीनला सांगितलं होतंस. तो वाद मिटलेला नाही. मी माघार घेतलेली नाही, एवढं नोंदवून ठेवते.

मग तुमच्याकडे युद्ध सुरू झालं आणि आपली लॅब बदलली. तुझा फोन बीकरला टेकून उभा असायचा, आवाज बंद, बातम्या चालू. आधी राजधानी, मग एकेक शहर, मग तुमच्या गावाचे रस्ते तुटले. तुझी आई घर सोडायला तयार नव्हती. तू तिला इथे आणण्यासाठी केलेली खटपट मी पाहिली आहे. व्हिसा निघाला होता. ती म्हणाली, माझ्या शेळ्या कोण बघेल? तू फोन ठेवून हसलास, आणि त्या दिवशी एक पूर्ण बॅच चुकीची पास केलीस. मी पकडली. तुला बोलले नाही.

त्यानंतर रोज तोच विषय. मोहल्ल्यातली माणसं बंदुका घेऊन उभी राहिली आहेत, न्हावी आहे, शाळेचा शिपाई आहे, आणि मी इथे एसीत बसून पांढऱ्या रंगाच्या छटा बघतोय. हे तू रोज म्हणायचास. चहाला, जेवणाला, गाडीत. मी तुला सांगायचे, बंदूक कुणाची आहे? देणारा उद्या परत मागेल तेव्हा मोहल्ला कुणाचा? तू म्हणायचास, दोन्ही बाजू माझ्या नाहीत, गल्ली माझी आहे. मी म्हणायचे, गल्लीला बाजू नसते असं तुला वाटतं, गोळीला विचार.

एकदा तू मला तावातावाने विचारलंस, "तुमच्या लोकांना शेकडो वर्षं गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, तूच सांगितलंस. मग तुम्ही किती जण मारले?"

"एकही नाही. आम्ही शाळेत गेलो. धर्म बदलला. कोर्टात गेलो."

"आणि विहीर?"

"विहीर काही ठिकाणी अजून भांडणातच आहे."

"बघ, या मुदीरा. तुमच्याकडे कोर्ट तरी होतं. माझ्या गावात कोर्टाची इमारत उभी नाही."

माझे आजोबा गिरणीत होते, दिवसभर उभं राहून घरी यायचे आणि माझ्या वडिलांना कंदिलाखाली बसवून अंकगणित घ्यायचे. आमच्या घरात लढाई म्हणजे ती. मी तीच एक ओळखते. तुझी मला कळली नाही, मुतसिम, आणि कळत नाही म्हणून चूक आहे असं मी दीड वर्ष तुला सांगत राहिले.

आता त्या बुधवारबद्दल.

तू सकाळी माझ्या टेबलावर एक कागद ठेवलास. राजीनामा होता, इंग्रजीत, स्पेलिंगच्या दोन चुका असलेला. मी वाचला. विचारलं, "आमना आणि रीमचं काय?" तू म्हणालास, "बघू." या 'बघू'चा मला राग आला. आपण सगळे इथे एका रहिवासी कार्डावर जगतो. नवऱ्याची नोकरी गेली की त्याचा व्हिसा जातो, त्याचा गेला की बायकोमुलांचा. तुझी नऊ वर्षांची मुलगी, अर्धं वर्ष शाळेत झालेलं, आणि तू म्हणतोस बघू. त्यांना पाठवणार कुठे? त्याच गावात?

मी तो कागद फाडला. म्हटलं, "राजीनामा देऊ नकोस, रजा घे. वार्षिक रजा, मग बिनपगारी. सहा महिन्यांच्या आत परत आलास की कार्ड शाबूत, बायकोमुलगी इथे सुरक्षित. आईला भेट, डोळ्यांनी बघ, डोकं ठिकाणावर येईल, परत ये."

तू फाटलेले तुकडे गोळा केलेस. मग म्हणालास, "हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

रजेचा अर्ज मीच भरला. परतीची तारीख मीच टाकली. ती तारीख खोटी आहे हे आपल्या दोघांना माहीत होतं. तुझी वेटोळी सही खाली, माझी वर. आठ वर्षांत मी न तपासता सही केलेला तो एकच कागद.

पुढचे चार महिने तू माझ्या फोनमध्ये होतास. आमनाला तू सगळं ठीक आहे एवढंच सांगायचास, त्यामुळे खरं ते माझ्या वाट्याला यायचं, रेकॉर्डिंगमध्ये, मागे कोंबडे आरवताना. "या मुदीरा, इथली हजेरी आपल्या फॅक्टरीपेक्षा कडक आहे. पहाटे फजरच्या नमाजनंतर शाळेच्या मैदानात रांग. डावीकडे माझा न्हावी, उजवीकडे मी ज्याची शिकवणी घ्यायचो तो इद्रीस, आता दाढीवाला बाप्या झालाय. तो मला पळायला शिकवतो." तीन आठवडे पळणं, आडवं पडणं, बंदूक उघडणं आणि जोडणं. बंदूक तुझ्यापेक्षा वयाने मोठी होती, म्हणून तू तिला 'खाला' म्हणायचास, मावशी. मावशीचा घोडा अडकतो, मावशीला रंगाच्या थिनरने पुसतो, मावशी आज रुसली. गुडघा दुखत होता. तू म्हणालास, लढाई म्हणजे मुख्यतः वाट बघणं आणि मसूर. खंदकात बसायचं, मसूर खायचे, कुणाचा फोन लागला का विचारायचं, पुन्हा मसूर.

मग कुणाला तरी कळलं की तू केमिस्ट आहेस. त्यांनी तुला काय करता येईल विचारलं, आणि तू सांगितलंस, प्यायचं पाणी. तुरटी, ब्लीचिंग पावडर, एक जुना ड्रम. त्या रेकॉर्डिंगमध्ये तू इतका खूश होतास की मला वाटलं, आता हा वाचला. "क्लोरीन बरोबर आहे की नाही हे नाकाने ठरवतोय, तू ओरडशील." मी ओरडले. टेस्ट स्ट्रिप शोध म्हणून सांगितलं. तू म्हणालास, "इन्शाल्ला." आपल्याकडे लॅबमध्ये इन्शाल्ला म्हणजे 'होणार नाही', हे आपल्याला ठाऊक आहे.

आणि एक रेकॉर्डिंग नऊ सेकंदांचं आहे. "आज मी गोळी चालवली. लागली की नाही माहीत नाही. विचारू नकोस."

मी विचारलं नाही. मी लिहिलं, "बूट नीट आहेत का?" दोन दिवसांनी तुझं उत्तर आलं, "बूट नीट आहेत." तो विषय आपल्यात तिथेच राहिला. मला विचारायचं होतं, मुतसिम. तुला सांगायचं होतं की नाही, ते आता कळायला मार्ग नाही. पण बुटांची चौकशी करणारी बाई समोर असल्यावर माणूस काय बोलणार?

बातमीनंतरच्या शुक्रवारी मी तुझ्या घरी गेले. सुनील नोकरीच्या गावाहून, माबेल्याहून, दर गुरुवारी येतो तसा आला होता, तो खाली गाडीत थांबला. वर बायका होत्या, सुदानी, दोन-तीन इजिप्शियन, खजूर आणि काळा चहा. आमना पांढऱ्या कपड्यांत बसली होती. तिने मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "त्याने राजीनामा दिला असता तर तो गेलाच नसता."

ती पलंगाच्या कडेला बसली.

"महिनाभर तो एकाच प्रश्नापाशी अडकला होता. आम्हाला कुठे ठेवू? उत्तर नव्हतं, म्हणून तो इथे होता. रागावत होता, ओरडत होता, पण इथे होता. मग एक दिवस हसत घरी आला. म्हणाला, शोभाने रस्ता काढला."

तिने आवाज चढवला नाही. तिने मला चहाही दिला. मी तो प्याले, दुसरं काय करणार? घरी येताना सुनीलने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, खरं तेच म्हणाली.

या देशात आपण बाहेरून आलेले सगळे वर्षानुवर्षं हेच करत आलो. कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडायला आलं, कुणी आजारी पडलं, की आधी विचारायचं: कार्ड कधीपर्यंत आहे? ते सांभाळलं की बाकी सुटतं. मी तुझं कार्ड सांभाळलं. कार्डाची काळजी हाच तुला बांधून ठेवणारा एक खुंटा होता, आणि तो मी उपटला.

रडायला मला वेळ नव्हता. सहा महिने भरायला सात आठवडे उरले होते. नंतर तुझं कार्ड आपोआप मेलं असतं आणि त्याच्याबरोबर या दोघींचं. मी आपल्या एचआरच्या सालिमकडे गेले. तो चांगला माणूस आहे, पण त्याच्या हातात फॉर्म आहेत. त्याने सांगितलं, परत न आलेल्या माणसासाठी एकच रकाना आहे, कामावरून पळून गेला. मी म्हटलं, तो रकाना भरलास तर मी या लॅबमध्ये एकाही रिपोर्टवर सही करणार नाही. तो म्हणाला, "या शोभा, ओरडू नको, मला रस्ता सांग."

रस्ता असा होता. आमना केमिस्ट्रीची पदवीधर, गावी मुलींच्या शाळेत शिकवायची. आपल्या लॅबमध्ये परदेशी केमिस्टची जागा एकच, तुझी. तुझं नाव त्या जागेवरून काढायचं आणि त्याच दिवशी तिचं घालायचं, म्हणजे तिचा स्वतःचा व्हिसा होतो आणि रीम तिच्या कार्डावर येते. सालिमने दोन दिवस फोन केले आणि होतंय म्हणाला. फक्त तू गेलास असा कागद हवा होता. तुमच्या वकिलातीत तो मिळत होता. चुलतभावाने दफनाआधी काढलेला फोटो पाठवला होता. दोन सुदानी साक्षीदार तयार होते. बायकोने लिहून द्यायचं होतं की हाच माझा नवरा.

आमना लिहून देईना. तीन आठवडे तिने तो फोटो उघडला नाही. रीमला ती सांगत होती, बाबा मुसाफिर आहे. मी रोज संध्याकाळी जायचे, फॉर्म घेऊन जायचे, तसाच परत आणायचे. एकदा मी कडक बोलले, "आमना, दिवस जातायत." ती म्हणाली, "तुझ्या घाईने एकदा काय झालं ते बघितलं." मी फॉर्म पर्समध्ये ठेवला आणि तिची भांडी घासली.

मग एका संध्याकाळी तिनेच फोन माझ्यापुढे सरकवला. "तू बघ," म्हणाली. "सगळं तपासतेस ना तू? हे तपास. तू हो म्हणालीस तर मी लिहीन."

मी बघितलं, मुतसिम. चष्मा नव्हता. दाढी वाढलेली, तुझी दाढी इतकी पांढरी झाल्याचं तू कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये सांगितलं नव्हतंस. डाव्या भुवईवर डब्याचं झाकण उडून लागलं होतं ती खूण. मी त्या दिवशी तुझ्याबरोबर दवाखान्यात होते, टाके मोजले होते. मी फोटो मोठा करून खूण बघितली. मग पुन्हा बघितला. तुझं काम मी पहिल्यांदाच दोनदा तपासलं.

"हो," मी म्हटलं. "तोच."

आमनाने फॉर्म ओढला आणि उभ्याउभ्या लिहिला. मग रीमच्या खोलीत गेली, दार लावून. बऱ्याच वेळाने आतून मुलीचा आवाज आला. मी दुसऱ्या दिवशीच्या शाळेचा डबा भरून ठेवला आणि निघाले.

मुदतीआधी पाच दिवस तिचं कार्ड आलं. या रविवारी, आठवडा सुरू होताना, ती लॅबमध्ये आली. तुझा कोट तिला मोठा होतो, नवा मागवला आहे. पहिल्या दिवशी तिने कप तिरका धरला, रीडिंग चुकलं. मी पुन्हा करायला लावलं. चौथ्या वेळी ती अरबीत पुटपुटली. सालिमने भाषांतर करायला नकार दिला, म्हणजे माझ्याबद्दलच असणार. पाचव्यांदा आकडा बरोबर आला. तिने खाली सही केली, मी वर.

परत येताना ती माझ्या गाडीत होती. वसाहतीच्या गेटपाशी ट्रकची रांग लागली होती, आम्ही अडकलो. मला कुणाला तरी सांगायचंच होतं, आणि तू ऐकायला नाहीस, म्हणून मी तिला सांगितलं. म्हटलं, आमना, तो सल्ला मी तुमच्या व्हिसासाठी दिला, हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. मी थकले होते. दीड वर्ष रोज तेच ऐकून. त्या बुधवारी मला वाटलं, जाऊ दे, एकदाचा जाऊन येऊ दे, माझ्या टेबलावरून हा विषय हलू दे. म्हणून तारीख खोटी आहे हे माहीत असूनही सही केली.

ती समोरच्या ट्रककडे बघत होती. मला वाटलं आता ही उतरून चालायला लागेल.

"उख्ती," ती म्हणाली, "त्याची बॅग मी भरली. तो म्हणाला, उद्या भरू, मी म्हटलं, आत्ताच भरते. पोटाच्या गोळ्या, टॉवेल, चष्म्याची दुसरी जोडी. चेन लावून दाराशी नेऊन ठेवली. मीही थकले होते."

पुढचा ट्रक हलला, मी गिअर टाकला.

मुतसिम, तुला वाटत होतं की तू सगळ्यांशी भांडून गेलास. विमानतळावरून मला तसं लिहिलंही होतंस, तुम्ही सगळ्यांनी अडवलं तरी मी जातोय. तसं नाहीये. शेवटच्या दिवशी तुला अडवणारं कुणीच नव्हतं. आम्ही दोघींनी तुझ्याशी भांडणं सोडून दिलं होतं.